गुंडाळलेल्या खोल्या

त्यांच्या दुकानात गेलं की आधी चपला काढाव्या लागत. त्यात श्रद्धेचा भाग नव्हता. पायाला विचारल्याशिवाय त्यांना काही विकायचंच नसे. एखादं गिऱ्हाईक बूट घालून आत आलं आणि जरा डिझाईन दाखवा म्हणालं, की ते त्याच्या बुटांकडे बघत राहायचे. आपलं काहीतरी चुकलंय एवढं गिऱ्हाइकाला कळायचं, काय ते कळायला वेळ लागायचा. मग ते म्हणायचे, "फरशीला डोळे लावून काय करता? पाय लावा."

बीडच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात ते दुकान होतं. पाटी नव्हती. दारात व्हिनाइल शीटचे रोल भिंतीला टेकून उभे असत, लग्नात कुणाशी ओळख नसलेल्या उंच पाहुण्यांसारखे. जुन्या फरशीवर ही शीट अंथरायची, चिकटवायची, की घर नवं. लोक घाईत येत. कुणाकडे बारसं असे, कुणाच्या मुलीला बघायला येणार असत. हे गृहस्थ त्यांना तीन तुकडे हातात देऊन परत पाठवत. तुकडे घरी जमिनीवर ठेवायचे. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवे लागल्यावर बघायचे, आणि मग यायचं. बरेच जण परत येतच नसत. त्याचं त्यांना काही वाटताना मी पाहिलं नाही.

साठी उलटली असावी. किडकिडीत, बारीक पांढरी दाढी, आणि पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर बाहेरून शिवलेले जाड कापडाचे चौकोन. आयुष्य जमिनीवर गुडघे टेकून गेलेलं. चहा प्यायला हॉटेलात जातानाही तेच चौकोन. बाजार त्यांना 'मापवाले' म्हणे. आम्ही घरात काका म्हणत असू.

मापवाले म्हणत, पण त्यांच्याकडे टेप नव्हता. खोलीचं माप आकड्यांत घेणं त्यांना मंजूर नव्हतं. "आकडा सरळ असतो, माय," ते मला म्हणाले होते, "खोली कुटं सरळ असती?" ते खोलीभर जुना फ्लेक्सचा बॅनर अंथरत आणि भिंतीच्या कडेने, चौकटीभोवती, कोपऱ्याच्या वाकडेपणासकट कापत. कापून झाला की तो फ्लेक्स म्हणजे ती खोलीच. मग तो शीटवर ठेवायचा आणि त्याच्या कडेने शीट कापायची. त्यावर खुणा नाहीत, लिहिणं नाही. सगळं त्यांच्या ध्यानात.

बीडमध्ये फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, निवड, नारायणगडाला जाणाऱ्या भाविकांचं स्वागत, श्रद्धांजली. चौकातले चेहरे सारखे बदलतात, आणि उतरवलेले चेहरे त्यांच्या दुकानात येत. त्यांचा एक नियम होता. पुढाऱ्याचा फ्लेक्स पालथा अंथरायचा, चेहरा जमिनीकडे. श्रद्धांजलीचा मात्र उताणा, चेहरा वर. मी कारण विचारलं नव्हतं, मी सहसा विचारत नाही, त्यांनीच सांगितलं.

"पुढाऱ्याला अधूनमधून जमीन दाखवावी. लई दिवस वरच ऱ्हातेत. पण गेलेल्या माणसाला जमिनीत तोंड खुपसून कसं झोपवायचं?"

कापलेले फ्लेक्स ते टाकून देत नसत. दुकानावर एक लाकडी माळा होता, तिथे ते गुंडाळून ठेवलेले होते, सुतळीने बांधून. प्रत्येक सुतळीला त्या घरातली एखादी बिनकामाची वस्तू अडकवलेली: तुटकी बांगडी, शर्टाचं बटण, दुधाच्या किटलीचं झाकण. आमच्या खोलीला बाबांच्या पेनाचं टोपण होतं. नाव कुणाचंच नव्हतं. माळ्याला एकच झरोका होता आणि दुपारी त्यातून ऊन आत यायचं, तेव्हा खालून बघताना मला वाटायचं, अर्धं गाव तिथे गुंडाळून झोपलंय. स्वयंपाकघरं, देवघरं, बाळंतिणीच्या खोल्या, जिथे कुणी भांडलं ते कोपरे. सगळ्या खोल्या एकमेकींना लागून, आणि मध्ये भिंत नाही.

एकदा मी तिथे बसले असताना एक बाई आली. तिचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं होतं. ती काही विकत घ्यायला आली नव्हती, सहज चौकशी करत होती, पण काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं, माळ्यावर चढले आणि किटलीचं झाकण अडकवलेला फ्लेक्स खाली आणला. बोळात झाडून घेतलं आणि तो पसरला. ते तिचं स्वयंपाकघर होतं. ती थोडा वेळ कडेला उभी राहिली, मग दाराची जागा शोधून, दारातूनच आत गेली. गॅसच्या ओट्याशी उभी राहिली. मांडणीच्या जागेकडे वळली. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली तर काकांनी त्याला हात केला आणि तो बिचारा भिंतीच्या बाहेरून, म्हणजे फ्लेक्सला वळसा घालून गेला. बाई परत दारातूनच बाहेर आली आणि गेली. काकांनी खोली गुंडाळून परत वर ठेवली.

आता ते दुकान बंद आहे. ते मुलीकडे परभणीला गेले असं कळलं. माळ्यावरच्या खोल्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती बाबांसाठी. बाबा शिरूर कासारच्या शाळेत गुरुजी होते. दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, तरी राहिलेल्यांच्या वह्या ते रोज घरी आणून तपासायचे. निवृत्तीनंतर आम्ही बीडला राहायला आलो आणि दोन वर्षांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. ती पुष्कळशी परत आली, काठी धरून ते चालायलाही लागले, आणि मग एक दिवस पुढच्या खोलीत शहाबादी फरशीच्या वर आलेल्या कडेला पाय अडकून पडले. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर ते कॉटवरून उतरेनात. डॉक्टर सांगून गेले, की आता चालले नाहीत तर पुढे चालताच येणार नाही. आई रोज सकाळी काठी आणून द्यायची. बाबा म्हणायचे, "उद्या." आठवडाभर उद्या, महिनाभर उद्या. शेवटी एकदा चिडून म्हणाले, "ही फरशी आहे तोवर मी खाली पाय ठेवणार नाही. फरशी बदल, मग उठीन." आईने ते वचन म्हणून धरलं.

मी पुण्याची खोली सोडून घरी येऊन लॅपटॉपवर काम करत होते. फरशी निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन रात्री साइट बघून एक करडी, लाकडाच्या फळ्यांसारखी दिसणारी शीट ठरवली आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो घेऊन त्या दुकानात गेले. काकांनी फोटो पाहिला. छान आहे म्हणाले. मग विचारलं, चालणार कोण? मी सांगितलं. एरवी मला अनोळखी माणसाला चार वाक्यं सांगणं जमत नाही, पण ते ऐकताना माझ्याकडे बघत नसत, रोलवरची धूळ पुसत ऐकत. तेवढ्याने मला बोलता आलं.

इतरांना देत तसे तुकडे त्यांनी माझ्याजवळ दिले नाहीत. स्वतः घेऊन आले. कॉटपाशी गुडघे टेकून बसले, बाबांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि एक एक तुकडा पाटीसारखा तळव्याला लावत गेले. बाबा छताकडे बघत होते. माझी करडी शीट लागली, काही बोलले नाहीत. दुसरी लागली, तेव्हाही नाही. तिसरीला म्हणाले, "ही खरखरीत आहे."

काकांनी तुकडा काढून पुन्हा लावला. "कुटं लागतंय?"

"अंगठ्याखाली."

त्या पायाला काही जाणवतं हे बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले होते. आई पदर तोंडाला लावून आत गेली. शीट ठरली. बिस्किटी रंग, त्यावर बारीक ठिपके, एखाद्या बँकेत असते तशी. मला मुळीच आवडली नाही, आणि ते सांगण्यात अर्थ नव्हता.

रोल घरी आला आणि दोन दिवस नुसता पडून राहिला. तो काकांचा आणखी एक कायदा. शीटला घराची हवा लागू द्यायची, नाहीतर नंतर ती फुगते. ते म्हणत, झोपू द्या तिला, घर कळू द्या. दोन दिवस आम्ही त्या रोलच्या भोवतीने पाय न वाजवता फिरलो, पाहुणा झोपल्यासारखे. दुपारी त्याला रबराचा गोडसर वास यायचा. मी काम करता करता त्याच्याकडे बघायचे आणि त्याच्यात आमचं पुढचं वर्ष गुंडाळलेलं आहे असं काहीतरी मनात यायचं.

रोल आला त्याच दिवशी काकांनी फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले आणि खोलीचा फ्लेक्स कापला. आमची पुढची खोली लांब आहे, खिडकीजवळ उजव्या भिंतीला कॉलम पुढे आलेला. त्या लांबीचा एकच फ्लेक्स त्यांच्याकडे निघाला. तो एका म्हाताऱ्या बाईंच्या श्रद्धांजलीचा होता. नाकात नथ, डोळे हसरे, खाली मुलांची आणि सुनांची नावं. काकांनी तो दारातच थोडा उलगडला, कॉटवर पडलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि झटकन पालथा करून अंथरला. चेहरा जमिनीकडे.

मला लगेच कळलं. आजारी माणसासमोर 'भावपूर्ण श्रद्धांजली' कशी पसरायची? त्यांनी आमच्यासाठी स्वतःचा नियम मोडला होता. कॉलमभोवती खाच कापताना ते पुटपुटले, "माफ कर, माय," आणि ते मला उद्देशून नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईने आणि त्यांनी धरून बाबांना कॉटसकट आतल्या खोलीत नेलं. शीट गच्चीवर नेऊन पसरली. ऊन कोवळं होतं, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते. काकांनी फ्लेक्स आणला, झटकला आणि शीटवर अंथरला. म्हाताऱ्या बाई आभाळाकडे बघून हसत होत्या.

मी पाणी घेऊन आले होते. मी पाहिलं. खोलीत त्या पालथ्या होत्या, इथे उताण्या आहेत. एवढं मला दिसलं, आणि याचा अर्थ काय तोही साधारण दिसला, जसं गणित सोडवण्याआधी उत्तर दिसतं तसं. पण ते चाळीस वर्षं हे काम करत होते. मी काय सांगणार? त्यांना माहीत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी कटर टेकवला, आणि शीट कापली जाताना जो लांब, मऊ आवाज येतो तो आला. मी तांब्या ठेवून खाली गेले.

खाली खोलीत शीट उलगडली तेव्हा कॉलमची खाच डाव्या भिंतीला आली. उजवीकडे, कॉलमपाशी, शीट भिंतीसारखी वर उभी राहिली. काकांनी ती फिरवून पाहिली. खाच उजवीकडे आली, पण दारापाशी. उलटी करायची म्हणजे तिची पाठ वर. ते खोलीच्या मध्ये गुडघ्यांवर बसून राहिले. जोड देऊन भागलं असतं, पण जोडाची कड म्हणजे तीच फरशीची कड, आणि ते कुणाहीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. त्या रंगाचा तेवढ्या रुंदीचा रोल दुकानात दुसरा नव्हता. मागवायचा म्हणजे आठ-दहा दिवस.

आई दारात उभी होती. आतून बाबांचा आवाज आला, झालं का म्हणून. आई म्हणाली, होतंय. तिच्या आवाजावरून त्यांना कळलं असणार, कारण थोड्या वेळाने ते म्हणाले, "राहू द्या. घाई नाही. माझंही काही अडलेलं नाही."

त्यात सुटकाच होती. आईने ती ऐकली, मी ऐकली. अजून दहा दिवस उद्या.

मी काकांजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मला दिसलं होतं. गच्चीवर."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मग बोलली कावून न्हाई, माय?"

रागावून नव्हे. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. त्यांनी माझ्या उत्तराची जरा वाट पाहिली, मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि सरळ बाबांच्या खोलीत गेले. मला वाटलं, आता निरोप घेतील.

"गुरुजी," ते म्हणाले, "खोली उलटी कापली मी."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे आरशात दिसती तशी. डाव्याचं उजवं."

बाबा म्हणाले, "असं कसं झालं? तुम्ही एवढे जाणते."

काकांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या बाईंचा फ्लेक्स, तो बाबांपासून लपवायला पालथा घातला, आणि गच्चीवर हाताने जुन्या सवयीने उताणा घातला. काही वगळलं नाही. फक्त मला दिसलं होतं तेवढं सांगितलं नाही. बाबा ऐकत होते. श्रद्धांजली हा शब्द त्यांच्यासमोर या घरात महिनोन्महिने कुणी उच्चारला नव्हता.

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गणित चुकवलंत," बाबा म्हणाले.

"तसंच झालं."

"शून्य मार्क तुम्हाला." आणि बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं एका बाजूलाच उमटायचं, म्हणून ते टाळायचे. त्या दिवशी टाळलं नाही.

काका हसले नाहीत. "शून्य द्या, गुरुजी. पण तिकडं येऊन, चूक बघून द्या. वही न बघता मार्क टाकणारे तुमी न्हाई."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित मीच, दुकानात बसून, कधीतरी. बाबांचा चेहरा बदलला. ते कॉटच्या कडेला सरकले. आई पुढे झाली तर काकांनी तिला हाताने थांबवलं.

"शीट चिकटवलेली न्हाई," बाबा म्हणाले. आजारपणात त्यांची भाषा मधूनच शाळेच्या आधीच्या गावाकडे जायची. "पाय सरकंल."

"न्हाई सरकत. जड हाय. आन ती वाया गेलेली हाय, गुरुजी. तुमी तिच्यावर पडा, न्हाईतर नाचा. तिचं आता काईच बिघडायचं न्हाई."

बाबांनी काठी मागितली. आईने दिली. पहिल्या पावलाला त्यांनी भिंतीचा आधार घेतला. उंबरा आला, तिथे ते बराच वेळ थांबले. मग डावा पाय शीटवर आला. बाबांनी खाली पाहिलं, अंगठा दाबून पाहिला, आणि पुढे गेले.

त्यांना मध्ये कुणी नको होतं. आई, काका आणि मी कॉलमच्या कोपऱ्यात, उभ्या राहिलेल्या शीटला धरून एकमेकांना चिकटून उभे राहिलो. दुपार झाली होती. खिडकीतून आलेलं ऊन बिस्किटी रंगावर पसरलं होतं आणि त्या उजेडात तो रंग मला पहिल्यांदा बरा वाटला. काठीचा आवाज येत नव्हता, शीट तो पिऊन टाकत होती. बाबा पाण्याखालून चालल्यासारखे चालत होते, हळू, एका बाजूला झुकून. डाव्या भिंतीपाशी खाच होती तिथे जुनी शहाबादी उघडी दिसत होती. ते तिथे थांबले, वाकून नीट पाहिलं, मान हलवली.

"हो," ते म्हणाले, "चुकलंय."

खिडकी आणखी चार पावलांवर होती. तिथे पोचले की गज धरतील, दम घेतील, मग त्यांना बसवायला खुर्ची न्यावी लागेल, असं आम्हा तिघांनाही वाटलं असावं, कारण आई खुर्चीकडे सरकली. बाबा खिडकीपाशी पोचले. त्यांनी गज धरला नाही. काठी उजवीकडे टेकली, डावा पाय ओढून जवळ घेतला, आणि परत दाराकडे वळले.